कंबर चव्वेचाळीस

मंडळी त्याला 'अंग' म्हणत. "वहिनी, अंग कुठे टांगलंय?" "वहिनी, अंग वाळलं का?" नवखा माणूस विंगेत उभा असता तर हे ऐकून पळतच सुटला असता. पण अंग म्हणजे नुसते फोमचे थर, वरून सुती अस्तर आणि पाठीला मानेपासून खालपर्यंत चेन. ते चढवलं की फुंकर मारली तर उडेल अशी एक बावीस वर्षांची पोरगी, जिला सगळे काडी म्हणत, बघता बघता पन्नाशीची लठ्ठ बायको व्हायची. पडदा उघडला की ती पलंगावर बसायची, साउंडवाला पलंग मोडल्याचा आवाज द्यायचा आणि पहिला हशा पडायचा.

नाटक फार्स होतं. गोष्ट एवढीच, की लठ्ठ बायकोला नवरा हवा असतो आणि नवरा तिला चुकवत घरभर पळत असतो. पलंगाखाली, दाराआड, शेवटी कपाटात. बायकोने लाडात यायचं, नवऱ्याने तोंड वेडंवाकडं करायचं आणि लोकांनी पोट धरून हसायचं. सोळा प्रयोग झाले होते आणि सोळाही वेळा लोक हसले होते.

अंग शिवलं होतं वहिनीने. नाटकात जो नवरा व्हायचा, त्याची ही खरी बायको. तो आठवडाभर विम्याच्या ऑफिसात फायली सरकवायचा आणि रविवारी हिरो व्हायचा. मंडळी त्याला हिरोच म्हणत, त्यामुळे ती आपोआप सगळ्यांची वहिनी झाली. घरी पुढच्या खोलीत तिची दोन शिलाई मशिनं होती, आणि हात इतका बसलेला की बाई दारातून आत येईपर्यंत हिच्या डोक्यात तिचं माप तयार असायचं. साहजिकच नाटकाचा सगळा कपडेपट तिच्या गळ्यात पडला.

दिग्दर्शकाला सगळे बॉस म्हणत. तालमी सुरू झाल्या तेव्हा बॉस म्हणाला होता, "वहिनी, बाई अशी पाहिजे की दिसल्याबरोबर लोक हसले पाहिजेत." बोलायला काय जातं! पडदा उघडायला राहिले होते चार दिवस. वहिनीने आपल्या डमीवर फोम चढवायला सुरुवात केली. डमीची कंबर अठ्ठावीस. एक थर झाला, दोन झाले, तीन झाले. पण थांबायचं कुठे? शिंपणीला आकडा लागतो, अंदाजपंचे कात्री चालत नाही. आता लठ्ठ बाईचा आकडा ऐनवेळी आणायचा कुठून? मग तिने टेप घेतली, स्वतःभोवती गुंडाळली आणि खडूने पाटीवर लिहिलं. छाती शेहेचाळीस, कंबर चव्वेचाळीस, सीट पन्नास. त्या मापाने अंग शिवून ती मोकळी झाली. तेव्हा तिच्या मनात काही वेडंवाकडं आलं नव्हतं. काम होतं, ते उरकलं.

रंगीत तालमीला काडी ते घालून आली आणि बॉस खुर्चीतून खाली पडायचा बाकी राहिला. "वा वहिनी, वा! एक इंच कमी नको, एक इंच जास्त नको! हे असलं ध्यान तुमच्या डोक्यात आलं तरी कुठून?" सगळे हसले. हिरो तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. तो काडीभोवती एक चक्कर मारून आला, फोमच्या कमरेला बोटाने टोचून बघितलं आणि म्हणाला, "हिच्यापासून तर कुणीही पळेल!"

त्याला ओळखू आलं नाही. सव्वीस वर्षांचा संसार, आणि त्याला ओळखू आलं नाही! वहिनी सुईत दोरा ओवत बसली होती. तो दोरा काही केल्या सुईत जाईना.

आता ओळखणार तरी कसा? तीन वर्षांत त्याने तिच्याकडे धड बघितलं होतं कुठे! पन्नाशी ओलांडली तसा हा माणूस न्हाणीघराला आतून कडी घालून कपडे बदलायला लागला. पलंगावर अगदी कडेला झोपायला लागला, मध्ये आणखी दोघं मावतील इतका. वहिनीने आपल्या परीने अर्थ लावला: मी सुटले, म्हणून याचं मन उडालं. बाई दुसरा अर्थ लावेल तरी कसा? तेव्हापासून ती आरशाकडे पाठ करून केस विंचरायची.

चार महिन्यांपूर्वी, एका सुट्टीच्या दुपारी, तिने सगळा धीर गोळा केला. घरात दुसरं कुणी नव्हतं. तो जरा आडवा झाला होता, ती जवळ जाऊन बसली आणि त्याच्या छातीवर हात ठेवला. त्याने हात झटकला नाही. तो उठून खिडकीचा पडदा ओढायला निघाला, तेव्हा ती म्हणाली, "पडदा राहू द्या ना. मला तुम्हाला नीट बघायचंय." म्हणताना तिचे कान गरम झाले होते. तो म्हणाला, "अगं, एक फोन करायचा राहिलाय," आणि बाहेरच्या खोलीत गेला तो गेलाच. असा कोणता मेला फोन होता देव जाणे.

आणि गंमत बघा, या माणसाचं स्वतःचं पोट! ते गुपित फक्त वहिनीला ठाऊक होतं, तेही कपडेपटामुळे. नाटकातलं कपाट मागून उघडं होतं, नुसतं काळं कापड लावलेलं. नवरा बायकोला चुकवून नाइटड्रेसमध्ये कपाटात शिरायचा, कापडाखालून मागे निघायचा, आणि अडीच मिनिटांत सुटाबुटात तयार होऊन पुढच्या दाराने 'ऑफिसातून' घरी यायचा. सूट त्याने हट्टाने छत्तीस कमरेचा शिवून घेतलेला, आणि पोट बेचाळीसचं. म्हणून मधे पट्टा. बारा हुकांचा, रबरी, पाठीवर आवळायचा. कपाटामागच्या अंधारात वहिनी त्याच्या पाठीला गुडघा टेकवून तो पट्टा ओढायची, तो श्वास रोखून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, आणि बारावा हुक लागला की छाती काढून निघून जायचा. लोक म्हणायचे, हिरोने काय बांधा राखलाय! वहिनी ते ऐकायची आणि ओठ मिटून घ्यायची.

सतरावा प्रयोग रविवारी दुपारचा होता. मेकअपच्या खोलीत वहिनी काडीच्या पाठीची चेन ओढत होती. काडी तिला वहिनी म्हणत नसे, काकू म्हणायची.

"काकू, एक सांगू? हसणार नाही ना?"

"सांग की."

"हे घातलं ना, की मला फार बरं वाटतं. एरवी मी खोलीत आले तरी कुणाला पत्ता लागत नाही. आई उठता बसता म्हणते, जरा अंगाला लाग, कोण बघणार तुझ्याकडे! हे घालून स्टेजवर गेले की वाटतं, आले मी. आता सरका सगळे." तिने फोमच्या पोटावर दोन्ही हात ठेवले. "कुणाचं माप आहे हो हे?"

"आहे एका गिऱ्हाइकाचं," वहिनी म्हणाली.

"रुबाबदार असेल बाई."

वहिनीने चेन नीट लागली का ते दोनदा बघितलं. चेन पहिल्याच वेळी लागली होती.

प्रयोग रंगात आला होता. चारशे माणसांचं थिएटर पूर्ण भरलेलं. वहिनी नेहमीप्रमाणे कपाटामागे स्टुलावर बसली होती, मांडीवर पट्टा, खुंटीला सूट. पलीकडे हिरो कपाटात शिरायच्या आधीचं स्वगत म्हणत होता. तिला ते पाठ होतं. पण आज तो स्वगत संपवून थांबला नाही. आज त्याला ॲडिशन सुचली. लोक हसताहेत म्हटल्यावर नटाच्या जिभेला लगाम राहत नाही, पदरचं एखादं वाक्य तो टाकतोच.

"परवाचं सांगू का?" तो प्रेक्षकांना म्हणाला. आवाज बारीक करून, मान वेळावून. "म्हणते कशी, पडदा राहू द्या ना! मला तुम्हाला नीट बघायचंय!" आणि मग आपल्या आवाजात, "अहो, तिला मी दिसेन ते ठीक आहे. पण मला ती दिसेल त्याचं काय?"

थिएटरचं छप्पर उडालं. लोक खुर्च्यांच्या हातांवर थापा मारत होते. बाल्कनीतून कुणीतरी शिट्टी मारली.

जे वाक्य म्हणायला वहिनीला तीन वर्षं लागली होती, जे तिने जन्मात फक्त एका माणसाला, एकदाच म्हटलं होतं, ते चारशे लोक मिटक्या मारत चघळत होते.

काळं कापड हललं. हिरो वाकून मागे आला, घामाघूम, खुशीत. नाइटड्रेसचा सदरा काढून फेकत कुजबुजला, "ऐकलंस? काय हशा आला! आता हे कायमचं ठेवणार. चल, पट्टा दे, लवकर."

बघा आता! त्याच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. वाईट मनाने केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

"ते वाक्य माझं होतं," वहिनी म्हणाली.

"अगं, कुणाला कळतंय? ओढ, ओढ, दोनच मिनिटं आहेत."

"मला कळतंय."

"घरी बोलू ना! आधी हुक लाव!" त्याने सवयीने भिंतीकडे तोंड केलं आणि श्वास आत ओढला.

तो श्वास रोखून उभा होता आणि त्या पाठीकडे बघता बघता वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. पलीकडे काडी तिचं भाषण म्हणत होती, "कुठे लपलात हो? सोन्यासारखी बायको हाका मारतेय!" आणि प्रत्येक वाक्याला लोक फिदीफिदी हसत होते. वहिनी स्टुलावरून उठली. पट्टा त्याच्या खांद्यावर टाकला. "तुमचे तुम्हीच लावा," ती म्हणाली, कापड वर केलं आणि कपाटात शिरली.

आत शिरल्यावर तिला परत फिरावंसं वाटलं, खोटं कशाला बोला. पण तेवढ्यात काडीने कपाटाचं दार उघडलं.

स्क्रिप्टप्रमाणे कपाट रिकामं असायला हवं होतं. आत काळ्या सैल कपड्यातली एक बाई उभी होती, गळ्यात टेप, मनगटावर टाचण्यांची उशी. काडीचे डोळे पांढरे झाले. लोकांना वाटलं, ही पण नाटकातलीच युक्ती, आणि असा काही हशा उसळला की वहिनीला बाहेर पाऊल टाकायला जागा मिळेना. ती तशीच पुढे आली. दिव्यांचा झोत थेट डोळ्यात. समोर नुसता अंधार आणि अंधारातून हसण्याचा आवाज.

काडी पोरगी चलाख. सावरली आणि म्हणाली, "अगंबाई! तुम्ही कोण?"

"मी शिंपीण," वहिनी म्हणाली. पुन्हा हशा. "हे अंग मी शिवलंय. त्याचं माप सांगायला आलेय."

तिने गळ्यातली टेप काढली. आधी काडीच्या फोमभोवती गुंडाळली आणि मोठ्याने वाचलं, "कंबर चव्वेचाळीस." मग तीच टेप स्वतःभोवती गुंडाळली, झोताकडे वळली, आकड्यावर बोट ठेवलं. "कंबर चव्वेचाळीस. बघा. फोम नाही, चेन नाही. घरी जाताना उतरवता येत नाही."

अर्धे हसले, अर्धे हसता हसता थांबले. विंगेत बॉस दोन्ही हातांनी 'आत या, आत या' करत नाचत होता. वहिनीने त्याच्याकडे बघितलंच नाही. आता तिला भीती वाटत नव्हती, नुसता राग आला होता, आणि रागात तिचा आवाज चांगला खणखणीत लागायचा.

"हसा हो, हसायलाच आलात. पण कशाला हसलात ते तरी सांगा. बाई म्हणाली, मला माझ्या नवऱ्याला नीट बघायचंय. शेजारच्याला नाही. स्वतःच्या, लग्नाच्या नवऱ्याला. यात विनोद कुठे आहे? कंबर अठ्ठावीस असती तर तुम्ही उसासे टाकले असते. चव्वेचाळीस आहे म्हणून शिट्ट्या! चव्वेचाळीसच्या आतल्या बाईला काही वाटत नाही की काय?"

"बरोबर बोललात!" अंधारातून एका बाईचा आवाज आला. कुणीतरी एकट्याने टाळ्या वाजवल्या, मग पाच दहा जणांनी.

काडी वहिनीकडे टक लावून बघत होती. "काकू," ती नाटक विसरून म्हणाली, "तुमचं माप होतं?" आणि तिने त्या फोमच्या अंगासकट वहिनीला घट्ट मिठी मारली.

साउंडवाला बिचारा घड्याळ बघून काम करणारा. अडीच मिनिटं झाली आणि त्याने दारावरची बेल वाजवली. बेल वाजली की हिरोने आत यायचं, हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं की तो आला. पँट वर चढलेली पण बटण न लागलेली, एका हाताने धरलेली. कोट दोन्ही बाजूंना फाकलेला. शर्टाची खालची बटणं उघडी, आणि मधून पोट, ऐन प्रकाशात. पट्टा खांद्यावर तसाच लोंबत होता.

"ऑफिसात आज फार काम होतं," तो म्हणाला. दुसरं काही सुचलंच नसणार.

वहिनीने बघितलं. तीन वर्षांनी, चांगल्या हजार वॅटच्या उजेडात, नीट बघितलं. साधं, गोल, बेंबीशी चार पांढरे केस असलेलं पोट. कुठल्याही दुकानदाराचं, कुठल्याही मास्तरांचं असतं तसं. न्हाणीघराची कडी, पलंगाची कड, तो फोन, सगळं तिच्या डोक्यात एकदम जागच्या जागी बसलं. मी सुटले म्हणून नव्हे तर! हा स्वतःलाच लपवत होता!

"एवढंच होय?" ती म्हणाली. तिला खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "एवढ्यासाठी तीन वर्षं?"

मग जो हशा झाला तसा सतरा प्रयोगांत झाला नव्हता. लोक हिरोच्या पोटाकडे बोटं दाखवत होते. कुणीतरी ओरडलं, "पट्टा, पट्टा!" हिरोचा चेहरा रंगाखालीसुद्धा पांढरा पडलेला दिसत होता. आता खरं तर वहिनीच्या जिवाला थंडावा वाटायला हवा होता. पण नाही वाटला. उलट पुन्हा तोच राग आला.

"आता पुरे!" ती प्रेक्षकांवर खेकसली. "त्याच्याही पोटाला हसायचं कारण नाही. तुमचीच काढून दाखवा बघू एकेकाने!"

हे मात्र सगळ्यांना पटलं असावं, कारण यावेळच्या हशात बरेच जण आपापली पोटं आत ओढत होते. बॉसने संधी साधून पडदा पाडला.

पडद्यामागे बॉस लाल होऊन धावत आला. नाटकाचा सत्यानाश, शिस्त नावाची चीज, वगैरे सगळं बोलून झालं. पण बाहेर टाळ्या थांबेनात, तसा त्याचा सूर बदलत गेला. शेवटी डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, एक विचार होता. हे असंच ठेवलं तर? दर प्रयोगाला कपाटातून तुम्ही..."

"नाही," वहिनी म्हणाली. "ते नाटक नव्हतं. आणि आजची ती ॲडिशन पुन्हा झाली तर कपडेपट तुम्ही सांभाळायचा, अंगासकट."

येताना बसमध्ये दोघं एका बाकावर बसले. घरी पोचले तेव्हा चार वाजत होते. वहिनी आतल्या खोलीत गेली आणि पलंगावर बसून पाय चोळायला लागली. खिडकीतून ऊन थेट गादीवर आलं होतं. थोड्या वेळाने तो दारात येऊन उभा राहिला. तोंडावरचा रंग अजून पुरता गेला नव्हता.

"चारशे लोकांपुढे माझी लाज काढलीस."

"तुम्ही माझी काढलीत, तेव्हाही चारशेच होते."

"ती मस्करी होती गं."

"तुमची असेल."

तो चौकटीचा रंग नखाने खरवडत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "मला वाटायचं, उजेडात बघितलंस तर तुला किळस येईल माझी."

"आणि मला वाटत होतं, तुम्हाला माझी येते! विचारायला काय झालं होतं? तीन वर्षं मी एका घरात, एका पलंगावर एकटी झोपतेय."

"तुला अजून..." तो अडखळला. "म्हणजे या वयात, असल्या माणसाबद्दल..."

"हो. मला तुम्ही हवे असता. कधी भाजी चिरताना, कधी मशीनवर बसलेली असताना, काही कारण नसताना. त्याची मला जराही लाज वाटत नाही, आणि यापुढे वाटून घेणार नाही. तुम्हाला मी नको असेन तर तसं तोंडावर सांगा. दोन दिवस रडेन आणि कामाला लागेन. नाही म्हणालात तरी चालेल मला. पण हसायचं नाही. लोकांत नाही, घरात नाही, मनातल्या मनातसुद्धा नाही."

त्याने चौकट खरवडायचं सोडलं आणि वर बघितलं.

"मी नाही म्हणत नाहीये," तो म्हणाला.

"मग दारात काय उभे राहिलात?"